ओशन बीच की लिंडा मार? फोरकास्ट बघून ठरवायचं असेल तर

बे एरियात सर्फिंग शिकायला लागलेल्या आपल्या मराठी मंडळींचा शुक्रवारी रात्री ठरलेला प्रश्न असतो, की उद्या सकाळी सॅन फ्रान्सिस्कोच्या ओशन बीचला जाऊ की खाली पॅसिफिकाला, लिंडा मारला? दोन्ही वाळूचे किनारे, दोन्हीकडे पाणी थंडगार, मध्ये गाडीने जेमतेम अर्धा तास. आणि लाटांचा अंदाज देणाऱ्या ॲपवर दोन्हीकडे '४ फूट' लिहिलेलं असलं तरी एका ठिकाणी आरामात शिकता येतं आणि दुसऱ्या ठिकाणी अर्धा तास हात मारूनही लाटांच्या पलीकडे जाता येत नाही, असं नेहमी होतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: उंचीचा आकडा सगळ्यात शेवटी बघा, आधी पीरियड, मग वारा, मग दिशा.

पीरियड म्हणजे एका लाटेमागून दुसरी लाट यायला लागणारे सेकंद. स्वेल म्हणजे वाऱ्याने उठवलेल्या, एकामागून एक चालत येणाऱ्या लाटांची रांग. ९ सेकंदांचा स्वेल म्हणजे जवळच्याच वाऱ्याने उठवलेला, खोल समुद्रात त्याची लांबी सव्वाशे मीटरच्या आसपास. १६ सेकंदांचा स्वेल म्हणजे अलास्काच्या किंवा जपानच्या बाजूच्या वादळातून हजारो किलोमीटर चालत आलेला, त्याची लांबी जवळजवळ ४०० मीटर. लाटेला तळ लागायला सुरुवात होते ती साधारण लांबीच्या निम्म्या खोलीवर, म्हणजे ९ सेकंदांच्या लाटेला तळ कळतो ६० मीटर खोलीवर आणि १६ सेकंदांच्या लाटेला २०० मीटरवरच. म्हणून लांब पीरियडची लाट वळते जास्त, उथळावर येताना फुगते जास्त आणि फुटते तेव्हा तिच्यामागे पाणीही खूप जास्त असतं. तोच ४ फूट आकडा, पण प्रकरण वेगळं.

आता हे ओशन बीचला कसं लागू होतं ते बघा. गोल्डन गेटच्या तोंडाबाहेर वाळूचा एक भलामोठा घोड्याच्या नालाच्या आकाराचा उंचवटा आहे, त्याला सॅन फ्रान्सिस्को बार म्हणतात, बेमधून ओहोटीला बाहेर पडणाऱ्या पाण्याने तो घडवलाय. लांब पीरियडचा स्वेल या बारवरून येताना वळतो आणि त्याची ताकद किनाऱ्याच्या काही पट्ट्यांवर एकवटते, म्हणून नोरिएगा रस्त्याच्या समोर डोक्याच्या वर जाणाऱ्या लाटा आणि थोडं पुढे गेलं की बऱ्याच लहान, असं एकाच सकाळी दिसतं. साडेपाच किलोमीटर लांब सरळ किनारा, पश्चिमेला सताड उघडा, कुठलाही आडोसा नाही, आणि मोठ्या दिवशी आत जायला कायमची अशी वाट नाही. एका मागे एक वाळूचे दोन-तीन बार, पहिल्यावरून कसेबसे पार झालात की पुढचा तयार. शिवाय प्रवाहाची ओढ. किनाऱ्याला समांतर ओढ इतकी असते की मी पाण्यात शिरतानाच गोल्डन गेट पार्कमधल्या पवनचक्क्या किंवा एखादी ठळक इमारत खुणेला धरतो, नाहीतर दहा मिनिटांत कुठल्या कुठे वाहत गेलेलो असतो आणि कळतही नाही. इथे माणसं बुडाली आहेत, त्यात नुसतं गुडघाभर पाण्यात उभी असलेलीही आहेत, तेव्हा किनाऱ्यावरच्या धोक्याच्या पाट्या वाचून पुढे जाऊ नका प्लीज, थांबा.

लिंडा मार म्हणजे पॅसिफिका स्टेट बीच, अर्धचंद्रासारखा छोटा किनारा, दक्षिणेला पेड्रो पॉइंटचा डोंगर समुद्रात घुसलेला. त्या डोंगरामुळे दक्षिणेचा कोपरा झाकलेला राहतो, लाटा तिथे सगळ्यात लहान, आणि उत्तरेकडे सरकाल तशा वाढत जातात. शिकणाऱ्याला याहून सोयीचं काय हवं? जागा बदलली की लाटेची साइज बदलते! हिवाळ्यात वादळ येताना वारा दक्षिणेकडून सुटतो, तेव्हा ओशन बीचचं पाणी पार विस्कटून जातं, पण पेड्रो पॉइंटच्या आडोशाला बऱ्यापैकी नीट लाटा मिळू शकतात. फक्त मोठा, लांब पीरियडचा वायव्येचा स्वेल आला की लिंडा मारला लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम कोसळते, सरळ क्लोजआउट, त्यात शिकण्यासारखं काही नसतं. पार्किंगला पैसे पडतात, गर्दी भरपूर, सर्फ स्कूलवाले इथेच असतात, आणि मध्येच सॅन पेड्रो क्रीक समुद्राला मिळते म्हणून पाऊस पडून गेल्यावर पाणी घाण असतं, दोन-तीन दिवस जाऊ नका.

वाऱ्याचं गणित दोन्हीकडे जवळपास सारखं. शाळेतले खारे वारे, मतलई वारे आठवत असतील तर तेच इथे जरा जास्त जोरात चालतं. वसंतात आणि उन्हाळ्यात दुपारी वायव्येचा वारा असा काही सुटतो की सगळं पाणी उकळल्यासारखं दिसतं, म्हणून पहाटेच जायचं. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा राजा सीझन, सकाळी जमिनीवरून समुद्राकडे हलका वारा, लाटेचा चेहरा गुळगुळीत, आणि पाणीही वर्षातलं सगळ्यात 'गरम', म्हणजे १४-१५ अंश. सगळ्यात थंड पाणी कधी? जानेवारीत नाही, एप्रिल-मे-जूनच्या सुमाराला. तोच वायव्येचा वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलतो आणि खालचं गार पाणी वर येतं, मग १०-११ अंश. आतल्या बाजूच्या सनीव्हेल, फ्रीमाँटला ३२ डिग्री आहे म्हणून नुसत्या शॉर्ट्सवर निघालेले लोक किनाऱ्यावरच्या धुक्यात कुडकुडत बसतात. ४/३ मिलिमीटरचा (धडावर ४, हातापायांवर ३ मिमी जाड) रबरी वेटसूट आणि बूट दोन्हीकडे कायम लागणार, वसंतात हुड किंवा सरळ ५/४. आणि यात कंजूषी नको, मानेपाशी किंवा कंबरेत ढिला सूट असेल तर प्रत्येक लाटेला गार पाणी आत शिरतं, हात जड होतात, आणि ओशन बीचला हात जड झाले की परत येणं अवघड होतं.

भरती-ओहोटी: लिंडा मारला पूर्ण भरतीला लाट मऊ होऊन अगदी काठाशी फुटते, पूर्ण ओहोटीला धपकन आपटते, मधली वेळ बरी. ओशन बीचला उधाणाचे दिवस मी टाळतो, कारण तेव्हा अख्ख्या बेचं पाणी गोल्डन गेटच्या त्या एका तोंडातून बाहेर पडत असतं आणि ओढ फार वाढते. भांगाच्या दिवसांत पाणी जरा शहाण्यासारखं वागतं.

राहिला प्रश्न ॲप की बॉय, म्हणजे समुद्रात तरंगत लाटा मोजणारं यंत्र. सर्फलाइनसारखी ॲप्स मॉडेल वापरतात, चार-पाच दिवस आधी प्लॅन करायला उत्तम, स्वेल कधी येणार हे बऱ्यापैकी बरोबर सांगतात, पण वाऱ्याचा अंदाज दीड-दोन दिवसांपलीकडे मी धरत नाही, आणि वाळूचा बार या आठवड्यात कुठे सरकलाय हे कुठल्याच मॉडेलला माहीत नसतं. (हे शास्त्र उभं राहिलं दुसऱ्या महायुद्धात, स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेच्या स्वेरड्रुप आणि वॉल्टर मंक यांनी सैन्य किनाऱ्यावर उतरवायला लाटांचे अंदाज बांधायची पद्धत काढली, १९४४ ला नॉर्मंडीत ती वापरली गेली. मला याचं अजून अप्रूप वाटतं.) जायच्या सकाळी मात्र ४६०२६ नंबरचा बॉय बघा, तो शहराच्या पश्चिमेला १८ सागरी मैलांवर आहे, फुकट आहे आणि खरं मोजलेलं सांगतो. तिथे १६ सेकंदांचा स्वेल दिसला की साधारण तासाभरात तो किनाऱ्यावर. फक्त लक्षात ठेवा, बॉयवरची उंची ही सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पटही येऊ शकते.

मग ठरवायचं कसं? पहिलं वर्ष असेल तर लिंडा मार, दुसरा विचारच नको, ३ ते ५ फूट, ८ ते ११ सेकंद, सकाळचा हलका वारा, दक्षिणेच्या कोपऱ्यापासून सुरुवात. उभं राहता येतं, लाटेवर आडवं जाता येतं, फुटलेल्या लाटेच्या फेसाखाली डुबकी मारून पलीकडे जाता येतं आणि बोर्डाशिवायही पोहायची भीती नाही, असं झालं की ओशन बीच, पण शरद ऋतूतल्या छोट्या दिवशी, ३ फूट, १० सेकंदांच्या आत, आणि सोबत कोणीतरी असताना. दोन दिशांचे छोटे स्वेल एकाच वेळी आले असतील तर आणखी छान, लाटा एकमेकींना छेदतात, भिंतीऐवजी टोकदार शिखरं उभी राहतात, आणि दोन्ही बाजूंना जाता येतं. १४ सेकंदांच्या वर आणि ६ फुटांच्या वर दोन्ही दिसलं तर दोन्ही किनारे सोडा, किंवा ओशन बीचला गाडी लावून वाळूच्या ढिगावर वीस मिनिटं उभे राहा, सेट (मोठ्या लाटांचा गट) किती वेळाने येतोय, आतले लोक कुठून शिरतायत, किती वाहत जातायत ते बघा, त्या वीस मिनिटांत महिनाभर ॲप बघण्यापेक्षा जास्त कळतं.