टेफ्लॉन शीट की बेकिंग पेपर? हीट प्रेसवर माझा कल

हीट प्रेस म्हणजे उष्णता आणि दाब देऊन टी-शर्टवर प्रिंट बसवायचं यंत्र. त्यात प्रिंट आणि गरम प्लेट यांच्यामध्ये काय घालायचं, हे ठरवताना बहुतेक जण टेफ्लॉन शीटवर थांबतात. मीही थांबलो होतो. जवळपास दोन वर्षं सगळं काम तिच्यावरच केलं. मग सिलिकॉनचा लेप असलेल्या बेकिंग पेपरकडे वळलो आणि आता प्रिंटच्या वर कागदच ठेवतो. तरी शीटबद्दल वाईट बोलायला मन धजत नाही, कारण तिनं मला खूप काम काढून दिलंय.

काचेच्या तंतूंच्या विणीवर पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचाच थर, अशी ती शीट बनते. २६० अंश सेल्सियसपर्यंत तिला काही होत नाही, आणि आपलं काम साधारण १५० ते २०५ अंशांत उरकतं. विनाइलचा, म्हणजे आकार कापून कापडावर चिकटवायच्या प्लास्टिक फिल्मचा गोंद चिकटला तर फडक्यानं पुसला की निघतो. कागद पंख्याच्या झुळकीनं सरकतो, ही मात्र जागची हलत नाही. शंभर टी-शर्ट एका दमात काढायचे असतील तर हा फरक हाताला जाणवतो.

माझं मत बदललं ते एका घडीमुळे. काळ्या टी-शर्टवर छातीला मोठा पांढरा गोल, डीटीएफचं, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग कापडावर उतरवायच्या प्रिंटचं काम होतं. शीट दुमडून फडताळात ठेवली गेली होती, तशीच काढून वापरली. प्रेस उघडल्यावर सगळं छान दिसलं. घड्या घालताना एक टी-शर्ट उजेडाकडे तिरका धरला, तर पांढऱ्या गोलावरून केसाएवढी आडवी रेघ गेलेली. दुसरा बघितला, तिथेही. तिसऱ्यावरही तीच, त्याच जागी.

गरम असताना प्रिंटची फिल्म मऊ असते आणि वर जे दाबलंय त्याचा पोत ती उचलते. टेफ्लॉनच्या गुळगुळीत पृष्ठभागामुळे प्रिंटला चमक येते, आणि चमकत्या पृष्ठभागावर बारीकशी रेघही लपत नाही. शीट सपाट करायला मी तिच्यावर वजन ठेवून पाहिलं, रिकाम्या प्रेसमध्ये दाबून पाहिली. घडी काही गेली नाही. शेवटी त्या टी-शर्टांवर बेकिंग पेपर ठेवून दहा-दहा सेकंद पुन्हा प्रेस केली. चमक उतरली, प्रिंट मॅट झाली आणि रेघ मुद्दाम शोधावी लागेल इतकी पुसट झाली. त्या दिवसापासून शेवटची प्रेस कागदाखालीच.

घडी कागदालाही पडते. पण कागद फेकून दुसरा घेताना जीव खालीवर होत नाही, आणि शीट टाकून देताना होतो. म्हणूनच आपण खराब शीट ‘अजून चालेल’ म्हणत वापरत राहतो. कागदाचे त्रास मी नाकारत नाही. काही वापरांनंतर तो तपकिरी पडतो, कडक होतो, गुंडाळीतून काढलेला असेल तर कडा वर येतात. शिवाय विकत घेताना मेणाचा कागद हाती येऊ नये याची काळजी घ्यावीच लागते. मेण वितळून कापडावर आणि प्लेटवर दोन्हीकडे बसतं. नखानं खरवडून बघा, मेण असेल तर नखात येतं.

सुती कापडात दमटपणा असेल तर कागदाखाली काम थोडं बरं होतं असा माझा अनुभव आहे. शीट वाफ अडवते, कागद थोडी सोडतो. अर्थात आधी तीन-चार सेकंद कोरा टी-शर्ट प्रेस करायची सवय असेल तर हा फरक फारसा उरत नाही.

सबलिमेशनला, म्हणजे कागदावर छापलेली शाई उष्णतेनं कापडात उतरवायच्या कामाला मात्र मी शीट वर ठेवूच नका म्हणेन. तिथे शाईचा वायू होतो, तो शीटवर बसतो आणि पुढच्या पांढऱ्या टी-शर्टवर आधीच्या चित्राची सावली उमटते. पुसलेली शीट डोळ्यांना स्वच्छ दिसते, पण तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. दर वेळी नवा, लेप नसलेला साधा कागद घ्यायचा आणि वापरून टाकून द्यायचा.

चकचकीत प्रिंट आवडणारं गिऱ्हाईक असेल, काम बहुतेक विनाइलचं असेल आणि शीट सपाट टांगून ठेवायला जागा असेल, तर टेफ्लॉननंही तुमचं उत्तम भागेल. मोठ्या, भरीव डिझाइनचं काम जास्त असेल तर एकदा कागदावर करून बघा, इतकंच सुचवतो.

माझ्या त्या शीटचा घडीचा भाग मी कापून टाकला आणि उरलेली खालच्या पॅडवर अंथरली. टी-शर्ट तिच्यावरून न अडकता चढतो, आणि कडेनं गोंद बाहेर आलाच तर पॅडला लागत नाही.