पॉइंट टू-टू रायफल: एक मोसम, सात खारी आणि तो ‘टक्’

लिहायला बसलो ते स्कोपमुळे, म्हणजे रायफलीवरच्या नेमाच्या दुर्बिणीमुळे. जानेवारीत पेन्सिल्व्हेनियाच्या जंगलात, कडाक्याच्या थंडीत, काचेच्या आत धुकं धरलं. बाहेरून पुसून जाईना. 60 डॉलरचा स्कोप, खोक्यावर ‘आजीवन वॉरंटी’. फोन केला तर म्हणे पावती हवी, मूळ खोकं हवं आणि पाठवायचे 18 डॉलर तुमचे. आजीवन म्हणजे कोणाचं जीवन, ते विचारायचं राहिलं.

रायफल खारींच्या शिकारीला घेतलेली, पॉइंट टू-टू म्हणजे .22 इंची बारीक गोळीची. सेमी-ऑटो, म्हणजे एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरणारी, 10 गोळ्यांचं मॅगझीन. एच-1बीवाल्यांनी, म्हणजे अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी, दुकानात शिरण्याआधी शिकारीचा परवाना काढावा, एरवी केंद्राचा कायदा बंदूक बाळगू देत नाही. परवान्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स आलाच. आणि शिकारीला जाताना अंगावर 250 चौरस इंच भगवा-नारिंगी रंग हवा, डोकं, छाती, पाठ मिळून. मी स्वस्तातली जाळीची बंडी घेतली, ती पहिल्याच काटेरी झुडपात उसवली.

शेजारचा म्हातारा 20 गेज शॉटगन (एका बारात पुष्कळ छर्रे उडवणारी बंदूक) घे म्हणत होता. पळत्या सशाला ती बरोबर, पण खारीच्या मांसात छर्रे राहतात आणि जेवताना दाताखाली येतात. शिवाय एका काडतुसाच्या पैशात पॉइंट टू-टूच्या चार-पाच गोळ्या येतात. हिशोब तिथेच मिटला.

आता मुद्द्याचं. सेफ्टी, म्हणजे चाप चुकून ओढला जाऊ नये म्हणून असलेली कळ. चापाच्या कडीत आडवं बटण आहे, ते दाबलं की ‘टक्’. दुकानात हा आवाज ऐकूही येत नाही. सप्टेंबरच्या पहाटे, हिकरीच्या झाडाखाली श्वास रोखून बसलं की तो दार आपटल्यासारखा वाटतो. खार बुंध्याच्या मागे गेली की अर्धा तास दिसत नाही. पहिल्या तीन वेळा हेच झालं. आधीच सेफ्टी काढून बसायचं? अजिबात नाही. दोन महिने मी या ‘टक्’वर बायकोचं डोकं खाल्लं.

मग म्हाताऱ्याने दाखवलं: बोट चापापासून लांब, अंगठा एका बाजूला, तर्जनी दुसऱ्या बाजूला, आणि बटण दोन्हीकडून दाबून हळू सरकवायचं. आवाज नाही. त्यामुळे नोव्हेंबरपर्यंतच्या माझ्या निम्म्या शिव्या मागे घेतो.

नेमाबद्दलही मत बदललं. 500 गोळ्यांचा स्वस्त डबा आणला होता. 50 यार्डांवर पाच गोळ्या पुरणपोळीएवढ्या जागेत पसरायच्या. रायफल टाकाऊ म्हणत होतो. चांगल्या 40 ग्रेन वजनाच्या गोळ्या भरल्या तर त्याच पाच लिंबाएवढ्या जागेत! प्रत्येक नळीला कुठली तरी एकच गोळी मानवते. सबसॉनिक, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा हळू जाणाऱ्या गोळ्या, आवाजाला झकास, पण माझ्या रायफलीत बोल्ट (गोळी आत ढकलणारा दांडा) पुरता मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी अडकते. फांदीवरच्या खारीवर आकाशाकडे रोखून मारायची नाही. ही इवलीशी गोळी मैलभराहून जास्त जाते. मागे जाडजूड बुंधा असेल तरच चाप.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “रामाने पाठीवरून हात फिरवलेली खारूताई, आणि तू तिला कुकरात घालतोस?” इकडच्या करड्या खारीला पट्टे नसतात, हे सांगून पाहिलं. मग तिने भीमाशंकरचा शेकरू काढला, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तिथे मी गप्प. तिकडे भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हा विषयच संपतो. इकडे दिवसाला सहाची मुभा आहे, माझ्या मात्र मोसमभरात सात झाल्या. काळा मसाला, सहा शिट्ट्या. चव कोंबडीसारखी नाही, बरी आहे.

स्कोप कपाटावर पडलाय. 18 डॉलरमध्ये चांगल्या गोळ्यांचे दोन डबे येतात, म्हणून पाठवणार नाही. फेब्रुवारी नळीवरच्या नेम धरायच्या लोखंडी माशीवरच काढला.