पंपावर कोणता चार्जर: एसी की डीसी?

पेट्रोलची टाकी दोन-तीन मिनिटांत भरते. पंपाची सगळी मांडणी याच घाईवर बेतलेली, आणि इलेक्ट्रिक गाडीने ती मोडली आहे.

एसी चार्जर, म्हणजे घरात येते तशीच वीज गाडीला देणारा, स्वस्त, बसवायला सोपा. पण ७ किलोवॉटवर ५० किलोवॉट-अवरची, म्हणजे ५० युनिट विजेची, बॅटरी पूर्ण भरायला सात तासांहून जास्त लागतात. एवढा वेळ पंपावर कोण थांबणार? तो घरी किंवा ऑफिसच्या पार्किंगमध्येच शोभतो.

डीसी चार्जर बॅटरीला चालणारी वीज थेट देतो. ५० किलोवॉटचा असा चार्जर तीच बॅटरी १० वरून ८० टक्क्यांवर साधारण पाऊण तासात नेतो. त्यापुढे वेग मुद्दाम कमी केला जातो, त्यामुळे ८० झाले की गाडी काढावी. मागचा ताटकळत असतो. मालकाला मात्र वीजजोडणी वाढवून घ्यावी लागते, बहुधा स्वतंत्र ट्रान्सफॉर्मरही. तरीही पंपासाठी माझं मत डीसीलाच. सोबत छप्पर, स्वच्छतागृह आणि बसायला जागा हवीच.

पैशांचं म्हणाल, तर ते बहुधा चार्जिंग कंपनीच्या ॲपवरून द्यायचे. त्याच ॲपवर चार्जर मोकळा आहे का ते आधी कळतं, ही मोठी सोय. पण प्रत्येक कंपनीचं वेगळं ॲप आणि वॉलेटमध्ये आगाऊ रक्कम, हा जाच आहे. नेटवर्क गेलं की हातात केबल धरून नुसतं उभं राहायचं. कार्ड टेकवून पैसे देण्याची सोय प्रत्येक चार्जरवर असायलाच हवी.