सिंगल-फोटॉन डिटेक्टर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सिलिकॉन ॲव्हलांच फोटोडायोडचे दोन सिंगल-फोटॉन डिटेक्टर, म्हणजे प्रकाशाचा एकेक कण (फोटॉन) टिपणारी उपकरणे, आणि त्यांना जोडलेला, प्रत्येक टिपणाची वेळ नोंदणारा टाइम टॅगर ही मांडणी आम्ही गेले अनेक महिने जवळजवळ रोज वापरत आहोत. हिऱ्यातल्या नायट्रोजन-व्हेकन्सी केंद्रातून (नायट्रोजनचा अणू आणि शेजारची रिकामी जागा मिळून झालेल्या स्फटिकदोषातून) येणारा प्रकाश खरोखर एकेका फोटॉनचा आहे का, हे तपासणे हे आमचे मुख्य काम आहे. डिटेक्टर निवडताना सर्वांची नजर आधी कार्यक्षमतेच्या, म्हणजे आलेल्यांपैकी किती टक्के फोटॉन टिपले जातात त्या आकड्यावर जाते. या मोजमापासाठी मात्र तो आकडा दुय्यम आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

त्याचे कारण मोजमापाच्या स्वरूपातच आहे. हॅनबरी ब्राउन आणि ट्विस यांनी १९५६ मध्ये दाखवलेल्या पद्धतीप्रमाणे प्रकाश बीमस्प्लिटरवर, म्हणजे अर्ध्या पारदर्शक आरशावर, दुभागायचा आणि दोन्ही डिटेक्टरांचे टिपण किती वेळा एकाच क्षणी होते हे मोजायचे. अशा एकाच क्षणीच्या टिपणांना योगायोग म्हणतात, आणि फोटॉन एकमेकांशी संबंध नसता आले असते तर जितके योगायोग अपेक्षित असते त्यांच्याशी त्यांचे जे गुणोत्तर येते तो जी-टू. एकच फोटॉन दोन्हीकडे टिपला जाऊ शकत नाही, म्हणून प्रकाश एकेका फोटॉनचा असेल तर दोन टिपणांमधल्या शून्य विलंबाला जी-टूच्या आलेखात शून्यापर्यंत जाणारा खळगा दिसायला हवा. प्रकाशाला निव्वळ तरंग मानले तर शून्य विलंबाला हे मूल्य १ च्या खाली जाऊच शकत नाही, आणि ते खाली जाते हे किंबल, डॅगेनाइस व मँडेल यांनी १९७७ मध्ये सोडियमच्या अणूंवर दाखवून दिले. वाटेत निम्मे फोटॉन हरवले तरी अंश आणि छेद सारख्याच प्रमाणात घटतात, त्यामुळे जी-टू बदलत नाही. फक्त आलेख भरायला वेळ जास्त लागतो.

बाहेरचा प्रकाश मात्र थेट नुकसान करतो. एकूण मोजणीत केंद्राचा वाटा ९० टक्के असेल, तर केंद्र निर्दोष असूनही शून्य विलंबाला ०.१९ हेच मूल्य दिसते. डिटेक्टरचे डार्क काउंट, म्हणजे प्रकाश नसतानाही होणाऱ्या खोट्या नोंदी, सेकंदाला काही शेच असतात आणि आमच्या मोजणीपुढे ते नगण्य ठरतात. हिऱ्याच्या पृष्ठभागावरची चमक आणि गळका फिल्टर यांचाच त्रास अधिक होतो.

सर्वांत जास्त वेळ ज्या गोष्टीने घेतला, तिचा उल्लेख माहितीपत्रकात क्वचितच ठळक असतो. फोटॉन टिपताना सिलिकॉनमध्ये जो विद्युत् लोंढा उसळतो, त्यातून स्वतः डिटेक्टरच लाल-अवरक्त प्रकाशाची क्षीण चमक मागे फेकतो. ती परावर्तित होऊन दुसऱ्या डिटेक्टरवर पोहोचली की खोटा योगायोग नोंदला जातो. आमच्या आलेखात मधल्या खळग्याच्या दोन्ही बाजूंना, अगदी समान अंतरावर, दोन अरुंद शिखरे उभी राहत होती. फायबरची लांबी वाढवताच ती दूर सरकली, मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद, आणि त्यांचे मूळ निर्विवाद स्पष्ट झाले. प्रत्येक डिटेक्टरपुढे दीर्घ तरंगलांबी अडवणारा फिल्टर बसवल्यावर ती जवळजवळ मावळली. केंद्राचा थोडा प्रकाश त्यात गेला, पण तो सौदा मला पूर्णपणे मान्य आहे.

एकाच डिटेक्टरवर हे काम का भागत नाही, असे नवे विद्यार्थी नेहमी विचारतात. एक फोटॉन टिपल्यावर डिटेक्टर काही दशक नॅनोसेकंद आंधळा असतो, म्हणजे नेमका खळगा जिथे दिसायला हवा तिथेच तो काही पाहत नाही. शिवाय त्यानंतर येणारे आफ्टरपल्स, म्हणजे आधीच्या टिपणामुळेच उमटणाऱ्या खोट्या नोंदी, फोटॉन घोळक्याने आल्याचा खोटा भास निर्माण करतात.

वेळेच्या अचूकतेबाबत आम्ही समाधानी आहोत. सुमारे ३५० पिकोसेकंदांचा जिटर, म्हणजे टिपणाच्या वेळेतली अनिश्चितता, ऐकायला मोठा वाटतो, परंतु आमच्या केंद्राचे उत्तेजित आयुष्य (उत्तेजित झाल्यापासून फोटॉन सोडेपर्यंतचा सरासरी काळ) १२ नॅनोसेकंदांच्या आसपास असल्याने खळगा त्याने पुसला जात नाही. ज्यांचे क्वांटम डॉट (प्रकाश देणारे अर्धवाहकाचे अतिसूक्ष्म कण) एका नॅनोसेकंदाच्या आत विझतात, त्यांनी मात्र कमी जिटरचा डिटेक्टरच घ्यावा, कार्यक्षमता थोडी कमी मिळाली तरी चालेल. टाइम टॅगर घेताना प्रत्येक फोटॉनची वेळ साठवणारा घ्यावा, कारण मग योगायोगाची खिडकी, म्हणजे दोन टिपणे किती अंतरात आली तर ती एकाच क्षणीची मानायची ती मर्यादा, नंतर हवी तशी बदलून तपासता येते. दोन्हीकडे सेकंदाला एक लाख मोजणी असेल, तर १० नॅनोसेकंदांच्या खिडकीत निव्वळ अपघाती योगायोगच सेकंदाला १०० भरतात. खिडकी २ नॅनोसेकंदांची केली की ते २० वर येतात.

फोटॉन-जोड्यांच्या प्रयोगात मात्र माझा सल्ला उलटा आहे. तिथे चार डिटेक्टरांनी एकाच वेळी टिपणे आवश्यक असेल, तर ६० टक्के कार्यक्षमतेने जेमतेम १३ टक्के घटना हाती लागतात, त्यामुळे कार्यक्षमतेवरच आधी पैसे खर्च करावेत. १५५० नॅनोमीटरला तर सिलिकॉन पूर्णपणे निरुपयोगी आहे. तिथे इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचे किंवा २ ते ३ केल्व्हिनपर्यंत थंड ठेवावे लागणारे अतिवाहक नॅनोवायरचे डिटेक्टर लागतात.