मेलोट्रॉनचा आवाज हवाय, पण कुठल्या मॉडेलचा?

मेलोट्रॉन म्हणजे टेपवर रेकॉर्ड केलेले खऱ्या वाद्यांचे आवाज पट्ट्या दाबून वाजवायचं कीबोर्ड वाद्य. मूळ वाद्य घ्या किंवा सॅम्पल लायब्ररी (त्याच्या आवाजांचा संगणकावर वाजवायचा संच), 'मेलोट्रॉन' एवढंच म्हणून भागत नाही. मॉडेल ठरवावंच लागतं.

यंत्रणा सगळ्यांची सारखी. प्रत्येक पट्टीची स्वतःची टेप. पट्टी दाबली की फेल्टचा तुकडा टेपला हेडवर (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) टेकवतो, रबरी चाक तिला फिरत्या दांड्यावर दाबतं आणि टेप धावते. साधारण ८ सेकंदांत संपते. बोट उचललं की स्प्रिंग तिला मागे खेचते. पट्टी अर्धवट दाबलीत तर स्वर मिणमिणता, डळमळीत येतो. म्हणून माझ्या मते आवाज निम्मा रेकॉर्डिंगचा, निम्मा या धावण्याचा.

कॅलिफोर्नियातल्या हॅरी चेंबरलिनचं वाद्य हे मूळ. त्याची रेकॉर्डिंग कोरडी, जवळून घेतलेली. वादकाच्या बोटातला कंप जसाच्या तसा ऐकू येतो. एकट्या व्हायोलिनची सुरावट हवी असेल तर मी डोळे मिटून हेच सुचवेन.

१९६२ मध्ये त्याचा विक्रेता बिल फ्रान्सन ती यंत्रं इंग्लंडला घेऊन गेला आणि बर्मिंगहॅमच्या ब्रॅडली बंधूंनी त्यावरून मेलोट्रॉन बनवलं. १९६४ चं मार्क टू घरगुती करमणुकीसाठी होतं: डावीकडच्या ३५ पट्ट्यांवर ताल आणि साथ, उजवीकडच्या ३५ वर मुख्य वाद्यं, पेटीतच स्पीकर आणि रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारी सोय). बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' गाण्याच्या सुरुवातीची बासरी याचीच. ती ओलसर, किंचित धुकट बासरी मला इतर कुठे मिळाली नाही. पण हे धूड हलवणं कठीण.

१९७० चं एम ४०० त्यामानाने सुटसुटीत: ३५ पट्ट्या, तीन आवाज, टेपची चौकट काढून दुसरी बसवता येते. आत स्पीकर नाहीत, त्यामुळे आवाज उघडा, थेट. एकाच मोटरवर सगळ्या टेपा चालतात. भरगच्च कॉर्ड दाबला की ओझं वाढून सूर खाली झुकतो. स्ट्रिंग्ज आणि कॉयरच्या लांब स्वरांना हा झुकाव फार शोभतो, जलद सुरावटीला मात्र तो मारक.

मूळ एम ४०० बघायला गेलात तर एकेक पट्टी ८ सेकंद दाबून ठेवा. फेल्ट झिजलेलं असेल तर शेजारच्या दोन पट्ट्यांचा आवाज कमी-जास्त येईल. मग सहा पट्ट्या एकदम दाबा आणि सूर किती घसरतो ते ऐका. थोडा घसरला तर चालेल. थरथरत राहिला तर मोटरच्या दुरुस्तीचा खर्च आधी विचारून घ्या.