डायलवाला शोर ए ड्युरोमीटर, ८ महिने वापरल्यावर

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं छोटं रबर मोल्डिंगचं युनिट आहे, गॅस्केट, ओ-रिंग, बुश असलं काम. गेल्या वर्षी एका पार्टीने ७० शोरच्या (शोर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप, ड्युरोमीटर तेच मोजतो) गॅस्केटचा अख्खा लॉट परत पाठवला, म्हणे ७६ येतंय. आमच्याकडे मीटरच नव्हता, बोटाने दाबून अंदाज, मग भांडणार कशाच्या जोरावर? त्याच आठवड्यात हा डायलवाला घेतला, अडीच हजारांच्या आत पडला.

आल्याबरोबर पहिलं काम केलं ते म्हणजे काचेवर टेकवून बघितलं. हवेत काटा ० वर आणि सपाट काचेवर १०० वर यायला पाहिजे, माझा ९९ दाखवतो, चालतंय. खाली बोथट टोकाची छोटी सुई असते, २.५ मिमी बाहेर आलेली, ती रबरात जितकी कमी रुतेल तितका आकडा जास्त. एवढंच.

आणि इथेच त्या लॉटचं कोडं सुटलं. गॅस्केट ३ मिमी जाड, पार्टीच्या इन्स्पेक्टरने लोखंडी टेबलावर एकच ठेवून मोजला असणार. पातळ माल असला की सुईला खालच्या टेबलाचा कडकपणा लागतो आणि आकडा वर जातो. कमीत कमी ६ मिमी जाडी लागते, म्हणून मी त्याच लॉटचे दोन एकावर एक ठेवले, एकटा ७६ दाखवणारा तुकडा ७१ वर आला! ड्रॉइंगमध्ये ७० प्लस-मायनस ५ होतं. फोटो पाठवले, माल घेतला त्यांनी.

अजून एक, टेकवल्या टेकवल्या काटा ७२ दाखवतो आणि बघता बघता ६९ वर उतरतो, त्यामुळे आमच्या पोराला सांगून ठेवलंय की मनात तीन मोजायचे आणि मग वाचायचं, दरवेळी तेवढेच. कडेपासून १२ मिमी आत घ्यायचं. प्रेसमधून निघालेला गरम माल तर मोजायचाच नाही, नरम येतो, आम्ही दुसऱ्या दिवशी घेतो.

खोट सांगायची तर लाल काटा, जो जास्तीत जास्त रीडिंग धरून ठेवतो, तो दोन महिन्यांनी अडकायला लागला, मी तो बाजूला सारून ठेवलाय. दुसरं म्हणजे हाताने दाबताना माझा आणि पोराचा आकडा दोन-तीनने वेगळा यायचा. त्यावर १ किलोच्या वजनाने मीटर दाबणारं स्टँड मिळतं, ते मागवल्यावर फरक एकवर आला. स्टँड मीटरपेक्षा महाग पडलं पण पार्टीला रिपोर्ट द्यायचा असेल तर घ्याच.

९० च्या वरचा कडक माल असेल, पॉलीयुरेथेनची चाकं वगैरे, तर हा घेऊ नका, शोर डी लागेल. फोम आणि जेलसाठी पण वेगळा येतो, डबल ओ. आमच्यासारख्या ४० ते ८० च्या एनबीआर, ईपीडीएम असल्या रबरवाल्यांना हा पुरतो. ५ पैकी ४, एक लाल काट्याचा कापला.