पुठ्ठ्याचे कप्पे आणि गरम गोंद: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

खिडकीशेजारी ठेवलेल्या, ग्लू गनच्या (कांड्या वितळवून गरम गोंद सोडणाऱ्या विजेच्या उपकरणाच्या) गोंदाने जोडलेल्या पुठ्ठ्याच्या मांडणीची मधली फळी गेल्या आठवड्यात भर दुपारी सुटली आणि मुलांच्या वह्या, रंगपेट्या, कात्र्या असा सगळा पसारा घेऊन जमिनीवर आली. कोणाला लागले नाही, पण एवढ्या निगुतीने केलेली वस्तू अशी कोसळावी याचा संताप आला आणि त्या संतापातच हा अनुभव लिहायला घेतला आहे. टाकाऊ खोक्यांपासून कप्पे कसे करायचे, जुन्या कपड्यांचे खिसे भिंतीवर कसे टांगायचे, बरण्यांचा उपयोग कसा करायचा, हे बहुतेकांना ठाऊक आहे, त्यामुळे कृती सांगत बसत नाही. रोजच्या वापरात, दोन लहान मुले आणि घाईत असलेली मोठी माणसे यांच्या हातात, या गोष्टींचे पुढे काय होते एवढेच सांगायचे आहे.

फळी पडली याला पुठ्ठा जबाबदार नाही. सगळे तुकडे उचलून पाहिले, तेव्हा एकही फळी वाकलेली किंवा फाटलेली नव्हती. सुटले होते ते जोड. खोक्याच्या छापील, गुळगुळीत बाजूवर लावलेल्या गोंदाची वळी अख्खीच्या अख्खी निघून आली होती. तिच्या खालच्या अंगावर छपाईवरच्या लेपाची तुकतुकी जशीच्या तशी उमटली होती आणि कागदाची एक कुसही तिला चिकटलेली नव्हती. आतल्या तपकिरी, खरबरीत बाजूवर मात्र कागदाचा वरचा पापुद्रा सोलून गोंदाबरोबर आला होता, म्हणजे तिथे गोंदाने शेवटपर्यंत धरून ठेवले होते आणि कागदच फाटला होता. एकाच फळीच्या दोन टोकांना, एकाच हाताने, एकाच कांडीतल्या गोंदाने केलेल्या जोडांमध्ये एवढा फरक पडतो. तरीही या विषयावरच्या कोणत्याही कृतीत पुठ्ठ्याची कोणती बाजू जोडाला घ्यावी याचा उल्लेख मला सापडला नाही, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे.

दुसरे कारण ऊन. ग्लू गनमध्ये वापरल्या जाणाऱ्या कांड्या बहुधा ईव्हीए नावाच्या प्लास्टिकच्या असतात. गनच्या तोंडाशी त्या साधारण 120 ते 190 अंश सेल्सिअसपर्यंत तापून पातळ होतात आणि बाहेर येऊन मिनिटभरात थंड होऊन घट्ट बसतात. त्यात कोणतीही रासायनिक प्रक्रिया होत नाही. हा गोंद फक्त वितळतो आणि थिजतो. त्यामुळे उष्णता परत मिळाली की तो परत मऊ पडू लागतो. पूर्ण मऊ व्हायला जास्त तापमान लागत असले, तरी सतत वजन पेलणारा जोड त्याच्या कितीतरी आधीपासून कणाकणाने सरकत राहतो. काचेतून येणारे ऊन दुपारी ज्या बाजूवर पडत होते, नेमक्या त्याच बाजूचे जोड आमच्या मांडणीत लांबट ताणलेले होते. सावलीतल्या बाजूचे जोड पहिल्या दिवशी होते तसेच होते.

ग्लू गनवर माझा राग असण्याला काटकसरीचाही भाग आहे. ज्या कामाची सुरुवात ‘घरात आहे त्यातच करायचे’ अशा निश्चयाने होते, त्या कामासाठी आधी एक विजेचे उपकरण घ्यायचे, मग त्याच्या कांड्या पुन्हा पुन्हा आणायच्या, वरून शोभेचे कागद आणि रंगाचे फवारे घ्यायचे, हे मला पटत नाही. खोकी फुकट मिळाली म्हणून ती मांडणी फुकट पडली असे म्हणता येत नाही. शिवाय तापलेल्या तोंडामुळे मुलांना हे काम करू देता येत नाही. ज्या उद्योगात सगळ्या घराने एकत्र बसावे अशी अपेक्षा असते, त्यात मुलांनी लांब उभे राहून बघायचे, हे त्या उद्योगाचे मोठे उणेपण आहे.

इथपर्यंत लिहून झाले होते आणि पुठ्ठ्याच्या नादी लागू नये असा निष्कर्ष काढून लेख संपवणार होतो. पण टाकून देण्याआधी त्याच फळ्यांची मांडणी गोंदाविना पुन्हा उभी करून पाहिली आणि माझे मत बदलले. उभ्या आणि आडव्या तुकड्यांना अर्ध्या उंचीपर्यंत खाचा घेतल्या, एकाच्या खाचा वरून आणि दुसऱ्याच्या खालून, आणि ते एकमेकांत बसवले. काचेच्या बाटल्यांच्या खोक्यात आत जी जाळी असते तिची रचना हीच असते, आणि पन्हळी कागदाचा (पुठ्ठ्याच्या आत असतो त्या नागमोडी कागदाचा) इतिहासही बाटल्यांपासून फार लांब नाही: अमेरिकेत अल्बर्ट जोन्स यांनी 1871 मध्ये असा कागद बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळण्यासाठी पेटंट करून घेतला, आणि 1874 मध्ये ऑलिव्हर लाँग यांनी त्याला सपाट कागदाचे अस्तर लावून आजच्या पुठ्ठ्याचे रूप दिले. खाच किती रुंद असावी हे मात्र पुठ्ठ्याची जाडी मोजूनच ठरवावे लागते. तीन पदरी पुठ्ठा साधारण 3 ते 4 मिलिमीटर जाड असतो आणि पाच पदरी त्याच्या जवळपास दुप्पट. खाच जाडीपेक्षा सैल झाली की जाळी तिरकी होते. बरोबर जाडीइतकी ठेवली की तुकडा दाबून बसवावा लागतो आणि मग जागचा हलत नाही. कटरचे पाते नवे हवे आणि पट्टी पोलादी हवी, कारण बोथट पात्याने पन्हळी चेपतात आणि चेपलेल्या कडेत जोर उरत नाही.

पन्हळींची दिशाही याच कामात नीट लक्षात आली. उभ्या भिंतींमध्ये पन्हळी उभ्या ठेवल्या तर त्या रांगेने उभ्या केलेल्या खांबांसारखे वजन पेलतात. आडव्या ठेवल्या तर तीच भिंत वजनाखाली हळूहळू चेपत जाते. आडव्या फळीसाठी दोन थर एकमेकांवर चिकटवले आणि एकाच्या पन्हळी लांबीच्या दिशेने, दुसऱ्याच्या रुंदीच्या दिशेने ठेवल्या. या फळ्या आता वह्यांच्या पूर्ण थप्पीखाली सरळ राहिल्या आहेत.

हे थर चिकटवायला साधा पांढरा गोंद वापरला. त्याच्याबद्दल माझे मत आधी फारसे बरे नव्हते, कारण तो वाळायला वेळ घेतो. पण तो वेळ वाया जात नाही. त्यातले पाणी कागदात मुरते, गोंदही तंतूंमध्ये शिरतो, आणि वाळल्यावर जोड उघडायचा प्रयत्न केला तर जोडाआधी कागद फाटतो. पातळ हात द्यावा, वर जड पुस्तके ठेवून तासभर तरी दाबावे आणि वजन दुसऱ्या दिवशीच ठेवावे, एवढे पथ्य पुरते. छापील बाजू जोडाला घ्यावीच लागली, तर ती आधी पॉलिश कागदाने घासून तुकतुकी काढावी. पाणी आणि प्लास्टिक या दोन ठिकाणी मात्र हा गोंद निरुपयोगी आहे: ओल्या फडक्याने पुसत राहिले तर जोड फुगतो, आणि प्लास्टिकच्या डब्याला लावला तर वाळून पापुद्र्यासारखा सुटतो.

शोभेच्या कागदाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आमच्या पहिल्या खोक्यांची झाकणे यामुळेच कामातून गेली. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला ओला गोंद लावून कागद चिकटवला की तो कागद वाळताना आकसतो आणि अख्ख्या तुकड्याला आपल्याकडे ओढून घेतो. झाकण पन्हाळीसारखे वाकते आणि मग काही केल्या सपाट होत नाही. दुसऱ्या बाजूलाही तेवढाच कागद लावला की दोन्हीकडची ओढ सारखी होते. पुस्तक बांधणारे पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला कागद लावतात, त्यामागचे एक कारण हेच आहे.

दमट हवेच्या दिवसांत सर्वांत खालचा कप्पा मऊ पडू लागला होता. जमिनीला टेकलेली कड ओल ओढून घेते, हे लक्षात आल्यावर खाली बाटल्यांची प्लास्टिकची झाकणे पायांसारखी लावली आणि मांडणी बोटभर वर उचलली. त्यानंतर ही तक्रार राहिली नाही. गव्हाच्या पिठाची खळ वापरावी का, असे आईने विचारले होते. कागदाला ती उत्तम धरते, पण तिच्यातल्या पिठाला कसर आणि झुरळे लागतात, म्हणून जिथे वह्या-पुस्तके राहणार तिथे ती मी वापरणार नाही.

जुन्या जीन्सच्या खिशांची भिंतीवर टांगलेली पट्टी हा या सगळ्यातला निर्विवाद यशस्वी प्रकार आहे. किल्ल्या, चष्मा, पेन, बिले, चार्जर अशा घरभर हरवणाऱ्या वस्तू तिच्यात गेल्या आणि अजून तिथेच सापडतात. याचेही कारण जोडातच आहे. मागचा खिसा मूळ कापडासकट कापून घेतला तर त्याची दुहेरी टीप आणि कोपऱ्यांवरचे दाट टाके आयते मिळतात, आणि खिसा नेहमी कोपऱ्यातच उसवतो. अशा पँटच्या खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याच्या रिव्हेट ठोकण्याच्या युक्तीला जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांना 1873 मध्ये पेटंट मिळाले ते हेच उसवणे थांबवण्यासाठी. आपण कापडाचा चौकोन कापून नवा खिसा शिवणार असू, तर धावदोऱ्यावर भागवू नये. उलटी टीप घालावी आणि वरच्या दोन्ही कोपऱ्यांत एकाच जागी चार-पाच टाके घ्यावेत. पट्टीच्या वरच्या नेफ्यात काठी घालून ती काठी दोन खिळ्यांवर टेकवली, म्हणजे भार सगळ्या रुंदीवर वाटला जातो. चिकटणाऱ्या आकड्यांवर ती टांगून पाहिली होती. वजन पडताच आकडे भिंतीच्या रंगाचे पापुद्रे घेऊन खाली आले. गुळगुळीत टाइलवर किंवा काचेवर हे आकडे ठीक चालतात, रंगवलेल्या भिंतीवर त्यांचा भरवसा धरू नये.

बरण्यांच्या बाबतीत अपेक्षेपेक्षा फार चांगला अनुभव आला. लाकडी फळीच्या खालच्या अंगाला बरणीचे झाकण स्क्रूने बसवायचे आणि बरणी खालून फिरवून लावायची, यात फळीखालची एरवी वाया जाणारी जागा वापरात येते. प्रत्येक झाकणाला दोन स्क्रू हवेतच. एकच स्क्रू असला तर बरणी फिरवताना झाकणही तिच्याबरोबर फिरत राहते आणि छिद्र मोठे होत जाते. बटणे, खिळे, सुया, पिना आरपार दिसतात, त्यामुळे वर नावही लिहावे लागत नाही. मुलांच्या डोक्यावर काच नको म्हणून आम्ही प्लास्टिकच्या बरण्या घेतल्या.

नावाच्या चिठ्ठ्यांसाठी मास्किंग टेप पुरली. पेनाने लिहिता येते आणि कप्प्यातली वस्तू बदलली की काढून दुसरी लावता येते. रिचर्ड ड्रू यांनी ही टेप 1925 च्या सुमारास मोटारी रंगवणाऱ्यांसाठी तयार केली होती, म्हणजे ती निघावी याच हेतूने. उन्हात मात्र ती लावून ठेवू नये, कारण तापून तापून तिचा चिकटा मागे राहतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या धाकट्यासाठी आम्ही नावांऐवजी चित्रे काढली, आणि ती त्याने स्वतः काढली असल्यामुळे ठोकळ्यांच्या खोक्यात आता ठोकळेच जातात. झाकणे मात्र सगळ्या खोक्यांची काढून टाकली. झाकण उघडायचे, वस्तू ठेवायची, झाकण लावायचे, एवढे मूल करत नाही आणि खरे सांगायचे तर मोठेही करत नाहीत. वस्तू झाकणावरच साचत जातात. उघडे खोके दिसायला तितके नेटके नसते, पण घर आवरलेले राहते ते त्याच्यामुळे. धूळ बसू नये अशा थोड्या वस्तूंपुरते झाकण ठेवावे.

ग्लू गन आता नव्या मांडणीत एकाच कामासाठी वापरतो. दोन थर पांढऱ्या गोंदाने चिकटवताना ते सरकू नयेत म्हणून चार कोपऱ्यांत गरम गोंदाचा एकेक ठिपका द्यायचा. तो मिनिटभरात धरतो आणि पांढरा गोंद वाळेपर्यंत चिमट्यांचे काम करतो. भार पुढे पांढऱ्या गोंदावरच राहतो. एवढ्या वापरात कांड्या फारशा संपत नाहीत, आणि ठिपके देण्याचे काम संपले की बाकीची मांडणी मुले स्वतः जुळवतात. ज्यांच्याकडे गन आहे त्यांनी ती टाकून देऊ नये. ज्यांच्याकडे नाही त्यांनी केवळ या कामांसाठी घेऊ नये, कपड्यांचे चिमटे आणि जड पुस्तके पुरतात.